बागेचं जाळं: हापूसच्या कलमांत नेमका कुठे हात घालायचा, हे कागदावर कसं ठरवायचं

फवारणीच्या वहीत सहा-सात तारखा आहेत, औषधं बदलून झाली, तरी फेब्रुवारीत मोहर काळा पडतोच. पुढच्या वर्षी तुडतुडा (मोहराचा रस शोषणारा कीटक) आटोक्यात, तर झाडं नुसती पाल्यावर. रत्नागिरी-देवगडपासून रायगडपर्यंत हे गाऱ्हाणं थोड्याफार फरकाने सारखंच ऐकू येतं. अशा बागेत दर वेळी समोर दिसणाऱ्या दुखण्यावर इलाज होतो आणि ते दुखणं ज्याच्याशी बांधलेलं आहे ते तसंच राहतं. तुडतुडा फांद्यांच्या दाटीशी बांधलेला, दाटी पालवीशी, पालवी झाडातल्या साठ्याशी, आणि साठा गेल्या वर्षीच्या फळाशी.

या बांधणीचा नकाशा काढण्याची एक जुनी, बिनखर्चाची रीत आहे. घटक म्हणजे गाठी, एकाचा दुसऱ्यावरचा परिणाम म्हणजे बाण, आणि बाणावर अधिक किंवा वजा. रिचर्ड लेव्हिन्स या अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात दाखवून दिलं की आकडे हाताशी नसले तरी नुसत्या चिन्हांवरून गुंतागुंतीच्या व्यवस्थेबद्दल बरंच काही ठामपणे सांगता येतं. बागेसाठी ही रीत सोयीची, कारण बागेत आकडे कमी आणि अनुभव भरपूर.

तयारी

मोठा कागद (जुन्या कॅलेंडरची मागची बाजू चालते), पेन्सिल, खोडरबर, तीन रंगांची पेनं. गेल्या तीन ते पाच वर्षांची फवारणीची वही आणि पेट्यांचा हिशोब. माणसं तीन तरी हवीत: बागेचा मालक, प्रत्यक्ष पंप चालवणारा आणि राखणीला असणारा. राखण करणाऱ्याला बोलवायला कमीपणा वाटून घेऊ नका. कोणत्या कोपऱ्यातली कलमं तुडतुड्याच्या स्रावाने आधी चिकट होतात, हे त्यालाच माहीत असतं. वेळ साधारण तीन तास. हंगाम संपल्यावर, जूनमध्ये पाऊस धरला की बसावं.

आधी प्रश्न लिहा

"बाग सुधारायची आहे" हा प्रश्न झाला नाही. "पाच वर्षांत दोनच वर्षं पीक भरून आलं, मधली वर्षं रिकामी का?" हा प्रश्न झाला. तो कागदाच्या वर मोठ्या अक्षरात लिहा. कोणती गाठ ठेवायची आणि कोणती सोडायची, याचा निवाडा पुढे त्याच्यावरूनच होतो. साक्याचा (फळाचा गर आतून स्पंजासारखा होण्याचा) प्रश्न असेल तर नकाशा वेगळा होईल, फळमाशीचा असेल तर आणखी वेगळा.

गाठी

आठ ते बारा. त्याहून जास्त झाल्या की कागद शोभेचा होतो, कामाचा राहत नाही. प्रत्येक गाठ अशी हवी की "वाढलं" किंवा "कमी झालं" असं तिच्याबद्दल म्हणता येईल. "हवामान" ही गाठ होत नाही. "रात्रीची थंडी", "पहाटेचं दव", "अवकाळी पाऊस" या तीन वेगळ्या गाठी आहेत, आणि तिन्ही आपल्या हाताबाहेरच्या. त्या कागदाच्या कडेला चौकटीत लिहा. त्यांच्यातून बाण आत येतील, त्यांच्याकडे एकही जाणार नाही.

वरच्या प्रश्नासाठी आतल्या गाठी आठ पुरतात: मोहर, फळ, साठा (खोडाफांद्यांत साठलेलं अन्न), पालवी, दाटी, तुडतुडे, मित्रकीटक (कोळी, ढालकिडे, क्रायसोपा), फवारणी. फवारणी ही आपली कृती असूनही आत येते, हे लक्षात घ्या. तुडतुडे दिसले की हात पंपाकडे जातो, म्हणजे ती गाठही जाळ्यातच बांधलेली आहे. बहुतेक लोक स्वतःला नकाशाबाहेर ठेवतात आणि तिथेच फसतात.

बाण

दोन-दोन गाठी घेऊन एकच प्रश्न विचारायचा: बाकी सगळं आहे तसं ठेवून हे वाढवलं, तर ते थेट वाढेल की घटेल? वाढलं तर अधिक, घटलं तर वजा, काहीच नाही तर बाण नाही. "थेट" या शब्दावर अडून बसा. "फवारणीने फळ वाढतं" असा बाण कोणीतरी सुचवेलच. तो काढू नका. ते फळ तुडतुडे कमी होऊन मोहर वाचल्याने वाढतं आणि ती वाट कागदावर आधीच आहे. एकच परिणाम दोनदा मोजला की पुढचा सगळा हिशोब बिघडतो.

आपल्या आठ गाठींचे बाण असे निघतात:

मोहर → फळ : अधिक
फळ → साठा : वजा
साठा → मोहर : अधिक
साठा → पालवी : अधिक
पालवी → दाटी : अधिक
दाटी → साठा : वजा (आतल्या पानांना ऊन नाही)
दाटी → तुडतुडे : अधिक (सावली, ओल, लपायला जागा)
मोहर → तुडतुडे : अधिक
तुडतुडे → मोहर : वजा
तुडतुडे → मित्रकीटक : अधिक
मित्रकीटक → तुडतुडे : वजा
तुडतुडे → फवारणी : अधिक
फवारणी → तुडतुडे : वजा
फवारणी → मित्रकीटक : वजा

चौदा बाण झाले. काही ठिकाणी चिन्हावरून वाद होईल, तो होऊ द्या. पाण्याचं उदाहरण घ्या. मोहर फुटण्याआधी पाणी दिलं तर झाड पालवीकडे वळतं, म्हणजे मोहराकडे वजा. फळ वाटाण्याएवढं झाल्यावर मात्र झाडाला दीडशे ते दोनशे लिटर, पंधरा-पंधरा दिवसांनी तीन-चार वेळा दिलं तर गळ कमी होते. गाठ एकच, पण वेळेप्रमाणे चिन्ह फिरतं. अशी गाठ फोडून दोन करायची: "मोहराआधीचं पाणी" आणि "फळावरचं पाणी". थंडीचंही तसंच. बेताच्या थंडीने मोहर येतो. ती लांबली की मोहरलेल्या काडीवर पुन्हा मोहर फुटतो, आधीची वाटाण्या-गोटीएवढी फळं उपाशी पडतात आणि गळतात. हा पुनर्मोहर ज्या बागेत नेहमीचा आहे तिथे "थंडी" एका गाठीत भागत नाही. (त्यावर जिबरेलिक ॲसिड ५० पीपीएम, म्हणजे २० लिटर पाण्यात १ ग्रॅम, मोहर पूर्ण उमललेला असताना आणि फळं वाटाण्याएवढी झाल्यावर फवारायची शिफारस आहे. पावडर थेट पाण्यात विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्यावी लागते.)

फेरे शोधा

आता एका गाठीवर बोट ठेवा आणि बाणांच्या दिशेने चालत परत त्याच गाठीवर येता येतं का पाहा. आलात तर तो फेरा. फेऱ्यातले वजा मोजा. विषम आले तर फेरा आवरणारा, म्हणजे ढकललेलं परत जागेवर आणणारा. सम आले किंवा एकही नसला तर फुगवणारा: जे सुरू झालं तेच वाढवत नेणारा.

आपल्या नकाशात सात फेरे आहेत. पाच आवरणारे, दोन फुगवणारे. तीन फेऱ्यांपाशी जरा थांबू.

फळ, साठा, मोहर हा फेरा आवरणारा. मग बाग स्थिर का नाही? कारण मधला उशीर. यंदाच्या फळाने खाल्लेला साठा पुढच्या डिसेंबरात जाणवतो. आवरणाऱ्या फेऱ्यात मोठा उशीर घुसला की तो आवरायच्या ऐवजी झोके देऊ लागतो. हापूसचं वर्षाआड येणं ते हेच. म्हणून नकाशावर दुसऱ्या रंगाने प्रत्येक बाणापाशी काळ लिहा: दिवस, आठवडे, महिने, वर्ष. हे काम कंटाळवाणं आहे आणि तेच टाळलं जातं. काळ न लिहिलेला नकाशा अर्धाच.

तुडतुडे, फवारणी, मित्रकीटक आणि पुन्हा तुडतुडे: वजा दोन, म्हणून फुगवणारा. शेजारीच तुडतुडे आणि फवारणी यांचा दोन गाठींचा छोटा, आवरणारा फेरा आहे. छोटा फेरा दोन दिवसांत गुण दाखवतो, मोठा तीन-चार आठवड्यांनी उलटतो. औषधाने काम केलं असं वाटतं ते छोट्या फेऱ्यामुळे, आणि महिन्याने "औषधच बोगस होतं" असं वाटतं ते मोठ्यामुळे. बरेचदा औषध चांगलंच असतं.

तिसरा फेरा लांबलचक: साठा, पालवी, दाटी, तुडतुडे, मोहर, फळ, साठा. वजा दोन, म्हणजे हाही फुगवणारा. शब्दांत सांगायचं तर झाडात साठा आहे म्हणून पालवी फुटते, पालवीने दाटी होते, दाटीत तुडतुडा माजतो, मोहर जातो, फळ धरत नाही, म्हणून साठा तसाच शिल्लक राहतो आणि पुन्हा पालवी. "झाड नुसतं पाल्यावर गेलंय" म्हणतात ते झाड या फेऱ्यात अडकलेलं असतं. त्याला आणखी नत्र घालणं म्हणजे फेऱ्याला ढकलणं.

अंदाजे आकडे घाला

चिन्हांनी दिशा कळते, पण दोन वाटा एकमेकींच्या उलट जात असतील तर जिंकते कोण, हे कळत नाही. त्यासाठी प्रत्येक बाणाला शून्य ते एकच्या मधला वजनाचा आकडा द्यायचा. बार्ट कॉस्को यांनी १९८६ मध्ये ही पद्धत बांधून दिली. ०.२ म्हणजे जेमतेम, ०.५ म्हणजे मध्यम, ०.८ म्हणजे जोरदार. तिघांनी वेगवेगळे आकडे लिहावेत आणि मग सरासरी काढावी. आधी चर्चा केली की मालकाचाच आकडा सगळ्यांचा होतो.

फवारणीपासून तुडतुड्यांपर्यंत दोन वाटा आहेत. थेट वाट समजा −०.६. आडवाट मित्रकीटकांवरून: फवारणी ते मित्रकीटक −०.७, तिथून तुडतुडे −०.५. वाटेवरच्या आकड्यांचा गुणाकार करायचा: (−०.७) × (−०.५) = +०.३५. दोन्ही वाटांची बेरीज −०.२५. म्हणजे फवारणी उपयोगी, पण दिसते तितकी नाही. आता एकाच गटातली औषधं वर्षानुवर्षं वापरून तुडतुड्यांना सवय झाली आणि थेट वाट −०.३ वर आली, तर बेरीज +०.०५. तेवढ्या खर्चात तुडतुडे वाढवलेच. हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, तुमच्या बागेचे तुम्ही घाला. पण आडवाट जवळपास तशीच राहून थेट वाट कमकुवत होत जाते, हा क्रम बऱ्याच बागांना लागू पडेल.

मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये आठ ओळी आणि आठ रकाने करून हे मांडता येतं: ओळीत "कोणाकडून", रकान्यात "कोणाकडे". आकड्यांत दशांशाच्या पुढे दोन स्थळं लिहिण्याचा मोह आवरा. अंदाज तो अंदाजच.

धरायच्या गाठी

जाळ्यात सगळ्यात जास्त बाण जिथे येतात तीच गाठ धरावी, असं सहज वाटतं. यांग-यू लिऊ, झां-झाक स्लोटिन आणि आल्बर्ट-लास्लो बाराबाशी यांनी २०११ मध्ये वेगवेगळी खरी जाळी तपासून दाखवलं की ताबा मिळवण्यासाठी ज्या गाठींना बाहेरून चालना द्यावी लागते, त्या बहुधा जास्त बाणांच्या गाठी नसतात. पुढे २०१३ मध्ये आत्सुशी मोचिझुकी, बर्नोल्ड फिडलर आणि सहकाऱ्यांनी फेऱ्यांवरून जाणारी एक वाट दाखवली, ती बागेला सोपी पडते. ज्या गाठी काढल्या की नकाशात एकही फेरा उरत नाही, अशा कमीत कमी गाठी शोधायच्या. त्या ताब्यात आल्या की बाकीचं जाळं त्यांच्यामागे येतं.

पेन्सिलने करून बघा. "तुडतुडे" खोडा: सातांपैकी पाच फेरे तुटले. उरले दोन, फळ-साठा-मोहर आणि साठा-पालवी-दाटी. दोन्हींत समाईक एकच गाठ, साठा. तीही खोडली की फेरा उरत नाही. आठांपैकी दोन गाठी: तुडतुडे आणि साठा. दुसरी कुठलीही जोडी घेऊन पाहा, जमत नाही.

आता अडचण अशी की या दोन्ही गाठींना थेट हात लावता येत नाही. साठा बाटलीत मिळत नाही. म्हणून त्यांच्याकडे जाणारे आणि आपल्या हातात असलेले बाण शोधायचे. "दाटी" दोघांनाही लागते: साठ्याकडे वजा, तुडतुड्याकडे अधिक. दोन्ही मुख्य गाठींना योग्य दिशेने ढकलणारी या नकाशातली एकच कृती म्हणजे विरळणी. दहा बाय दहा मीटरवर लावलेली, फांद्यांनी एकमेकांत घुसलेली जुनी कलमं असतील तर मधली उभी फांदी काढून झाडाच्या पोटात ऊन पाडणं हे कोणत्याही औषधाच्या आधीचं काम.

पण कापलं की नवा बाण तयार होतो: उघडी जखम → खोडकिडा, अधिक. काप तिरका आणि गुळगुळीत घ्या. त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत प्रत्येकी ५ लिटर पाण्यात भिजवून मग एकत्र करायचं. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं वापरू नका. मोरचूद ते खातं आणि पेस्ट निकामी होते.

कल्टारचं काय? त्यातलं पॅक्लोब्युट्राझोल झाडातलं जिबरेलिन (वाढीचं संप्रेरक) रोखतं, म्हणून पालवी थांबते आणि मोहर लवकर व जास्त येतो. मात्रा झाडाच्या घेराच्या व्यासावर: पूर्व-पश्चिम ८ मीटर, दक्षिणोत्तर ७ मीटर असेल तर सरासरी ७.५, मीटरला ३ मिलीप्रमाणे २२.५ मिली. वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. नकाशावर ते लिहा: कल्टार → पालवी वजा, कल्टार → मोहर अधिक. साठ्याकडे थेट बाण नाही, पण मोहरावरून फळ आणि फळावरून साठ्यात वजा जातो. वाटेतून साठा रिकामा करणारी ही कृती आहे, म्हणून शेणखत आणि खतांची पूर्ण मात्रा न देता कल्टार घालणं म्हणजे ठेव मोडून खाणं. शिवाय ते जमिनीत टिकून राहतं. यंदाचा बाण पुढच्या वर्षीही ओढत असतो.

कराराने दिलेल्या बागेत इथेच मोठी गोम आहे. करार एका वर्षाचा, साठा रिकामा होण्याचा परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. निर्णय घेणाऱ्याकडे परत येणारा बाणच कापलेला आहे, त्यामुळे त्याला कितीही समजावलं तरी कल्टारचा डोस कमी होणार नाही. करार पाच वर्षांचा केला की तो बाण परत जोडला जातो. नियंत्रण नेहमी पंपानेच होतं असं नाही, कधी ते स्टॅम्पपेपरवर होतं.

कुंपणापलीकडचे बाण

फळमाशीचा नकाशा लहान आणि स्वच्छ: गळलेली फळं → जमिनीतले कोष → फळमाशी → डागी, गळणारी फळं. वजा एकही नाही, शुद्ध फुगवणारा फेरा. तो तोडायची स्वस्त जागा म्हणजे पहिला बाण. पडलेली फळं रोज गोळा करून नष्ट करायची. मिथिल युजेनॉलचे रक्षक सापळे (हेक्टरी ४) नर पकडतात, माद्या नाही. शेजाऱ्याच्या बागेत फळं कुजत पडली असतील तर तुमच्या सापळ्यात कितीही माश्या भरल्या तरी फेरा तिकडून चालूच राहतो. त्यामुळे या प्रश्नाचा नकाशा एका बागेचा काढूच नये, वाडीचा काढावा.

साक्याच्या नकाशात असा पेच आहे: कलमाखाली गवताचं आच्छादन घातलं की तापलेल्या जमिनीची झळ फळाला कमी लागते आणि साका घटतो. पण वाळलं गवत → वणवा, अधिक. कातळावरच्या बागेत हा बाण हलका धरू नका. आच्छादन खोडापासून हातभर लांब ठेवा आणि बागेभोवतीचा गवताचा पट्टा जानेवारीतच साफ करून ठेवा.

नकाशा खरा की खोटा

नोव्हेंबर संपायच्या आत तीन भाकितं तारखेसह लिहून ठेवा. उदाहरणार्थ: "विरळणी केलेल्या दहा झाडांवर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तुडतुडे शेजारच्या दहा झाडांपेक्षा कमी असतील." विरळणी सगळ्या बागेत एकदम न करता अशी अर्धीच करण्याचं कारण हेच. मोजणी ठरलेल्या झाडांवर, चारही दिशांचा एकेक मोहर धरून, म्हणजे दहा झाडांचे चाळीस मोहर, दर आठवड्याला सकाळी लवकर. गारव्यात तुडतुडे सुस्त असतात. मोहरावर प्लास्टिकची पिशवी चढवून देठाशी आवळा, झटका द्या आणि मोजा. त्याच वेळी कोळी आणि ढालकिडेही मोजा. नाहीतर मित्रकीटकांची गाठ कायम अंदाजावरच राहील.

फवारणी मोजणीवरून ठरवा आणि औषध, मात्रा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या चालू वर्षाच्या वेळापत्रकातून घ्या. लागोपाठ दोनदा एकाच गटातलं औषध नको. मोहर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशकाचा पंप बंदच ठेवा. परागीभवन करणाऱ्या माश्या आणि मधमाश्या तेव्हाच मोहरावर असतात, आणि ती नववी गाठ या नकाशात आपण मुद्दाम सोडली होती. फुलोऱ्यात फवारल्याशिवाय चालतच नाही अशी बाग असेल, तर ती गाठ आधी कागदावर आणा: फवारणी → माश्या वजा, माश्या → फळ अधिक.

भाकीत चुकलं तर तीन गोष्टी याच क्रमाने तपासा: काळ चुकला का, कुठला बाण राहून गेला का, आणि शेवटी चिन्ह. बहुतेक वेळा काळच चुकलेला असतो. मोठं वादळ झालं असेल, ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळासारखं, तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. निम्मी झाडं आडवी झालेल्या बागेत दाटीचे सगळे बाण बदललेले असतात, तेव्हा कोरा कागद घ्या. एरवी दर जूनला त्याच नकाशावर लाल पेनने दुरुस्ती करा, तारीख घाला आणि फवारणीच्या वहीतच घडी करून ठेवा.